बारा अब्ज डॉलर आणि झाडू

३ डिसेंबर २००४ रोजी भोपाळच्या वायुकांडाला वीस वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी बीबीसी वर्ल्डच्या बातम्यांत पॅरिसच्या स्टुडिओतून एक गृहस्थ थेट प्रक्षेपणात आले. अमेरिकन रसायन कंपनी डाउ केमिकलचे प्रवक्ते, नाव ज्यूड फिनिस्टेरा, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. निवेदकाने विचारलं, भोपाळमध्ये जे घडलं त्याची जबाबदारी कंपनी आता तरी घेते आहे का? गृहस्थ म्हणाले, हो, संपूर्ण जबाबदारी घेतो. युनियन कार्बाइड आता आमच्या मालकीची आहे, ती आम्ही मोडीत काढू. त्यातून उभ्या राहणाऱ्या १२ अब्ज डॉलरमधून पीडितांना पुरती भरपाई देऊ. ज्या १,२०,००० लोकांना जन्मभर औषधोपचार लागणार आहेत त्यांची सोय लावू. कारखान्याची जागा साफ करू. दुर्घटनेच्या वेळचे कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन यांना भारताच्या हवाली करावं म्हणून प्रयत्न करू.

वीस वर्षांत कंपनीच्या वतीने हे कुणीही बोललं नव्हतं. बातमी जगभर गेली. भारतात तेव्हा दुपार होती, आणि भोपाळमध्ये विसाव्या स्मृतिदिनासाठी लोक जमलेले होते. त्यांच्यातल्या काहींनी ती खरी मानली.

बातमी खरी नव्हती. ते गृहस्थ होते अँडी बिचलबॉम, 'द येस मेन' या अमेरिकन जोडगोळीतले एक. दुसरे माइक बोनानो. ही नावंही त्यांनी घेतलेली. मोठ्या कंपन्या आणि जागतिक संस्था यांचे प्रतिनिधी म्हणून सभा-परिषदांत उभं राहायचं आणि त्या संस्था जे कधीच उघड बोलणार नाहीत ते त्यांच्या वतीने बोलून टाकायचं, हे त्यांचं काम. त्यांनी डाउच्या नीतिमत्तेची माहिती देणारं एक संकेतस्थळ तयार करून ठेवलं होतं. दिसायला अगदी कंपनीचंच. बीबीसीतलं कुणीतरी स्मृतिदिनासाठी डाउचा प्रवक्ता शोधत त्या संकेतस्थळावर पोचलं आणि मुलाखतीची विनंती पाठवली. म्हणजे ते बीबीसीकडे गेले नव्हते, बीबीसीच त्यांच्याकडे आली होती.

पुढे जे झालं त्यासाठी मी दरवर्षी डिसेंबरात ही चित्रफीत माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते. डाउला खुलासा करणं भाग पडलं. ही व्यक्ती आमची नाही आणि ही घोषणाही आमची नाही, असं त्यांना सांगावं लागलं. बीबीसीने बातमी मागे घेतली. पण खुलासा करायचा म्हणजे नेमकं काय सांगायचं? भोपाळच्या लोकांना आम्ही पैसे देणार नाही, जागा साफ करणार नाही, जबाबदारी घेणार नाही. एरवी ही वाक्यं वकिलांच्या कागदांत दडलेली असतात. 'नियमांचं पालन', 'सहवेदना', 'कायदेशीर भूमिका' अशा शब्दांच्या गादीवर ती निजलेली असतात. त्या दिवशी ती उठून जगासमोर उभी राहिली. येस मेननी तिथेही हात सोडला नाही. डाउच्या नावाने त्यांनी आणखी एक खोटं पत्रक धाडलं: काळजी नसावी, भोपाळविषयी आमचं धोरण बदललेलं नाही, आमची बांधिलकी फक्त भागधारकांशी आहे. काही माध्यमांनी हे दुसरं पत्रकही खरं समजून छापलं. यात मला आश्चर्य वाटत नाही, कारण त्यातलं धोरण खरंच होतं.

फ्रँकफर्टच्या बाजारात डाउचा शेअर २३ मिनिटांत चार टक्क्यांहून जास्त घसरला. सुमारे दोन अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं, आणि खुलासा झाल्यावर ते परतही आलं. वर्गात हा आकडा सांगितला की शांतता होते. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे माणसं मेली तेव्हा जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं पैसे द्यावे लागतील म्हणून वाटलं?" बाजाराला वाईट वाटत नसतं, हे मी तिला सांगितलं. पण ती जे बघत होती ते तिने बरोबर बघितलं होतं. कंपनी चांगलं वागणार या बातमीनेच कंपनीची किंमत उतरली. कंपन्यांची सामाजिक जबाबदारी या विषयावरच्या कितीही व्याख्यानांतून ही गोष्ट एवढी स्वच्छ दिसली नसती.

ही जबाबदारी डाउची नाहीच, असं कंपनी आजही म्हणते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला तेव्हा कारखाना युनियन कार्बाइडचा होता. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर भारत सरकारशी तडजोड झाली, विषय मिटला, आणि आम्ही कार्बाइड घेतली ती २००१ मध्ये, असा हा युक्तिवाद. ऐकायला तो नीटनेटका आहे. पण त्याच कार्बाइडवर अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या आजारांचे दावे होते. ते डाउने स्वीकारले, त्यांच्यासाठी दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. टेक्सासमधल्या आजारी कामगाराचा वारसा घ्यायचा आणि भोपाळच्या जयप्रकाश नगरातल्या बाईचा नाकारायचा. पॅरिसच्या स्टुडिओतल्या त्या माणसाने एवढंच केलं: जो न्याय तुम्ही तिकडे लावलात तोच इकडे लावलात असं गृहीत धरलं आणि बोलला.

माझ्या आजोळी सुगीच्या दिवसांत बहुरूपी यायचे. खाकी शर्ट, कमरेला रुंद पट्टा, पायात बूट, हातात काठी. दारात उभं राहून दरडावायचं, "चला, वॉरंट आहे तुमच्यावर!" आम्ही मुलं आत पळायचो. मोठ्या माणसांनाही क्षणभर धस्स व्हायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग तो गुन्हा वाचून दाखवायचा: लग्नाचं आवतण असून आला नाहीत, जेवणाची पंगत चुकवलीत. यमकं जुळवत, दम न घेता. शेवटी आजी सुपातून ज्वारी आणून त्याच्या झोळीत घालायची. आता कळतं की ते क्षणभराचं धस्स होणं हाच त्या खेळाचा गाभा होता. खऱ्या वर्दीला माणसं किती आणि का घाबरतात, हे खोटी वर्दी दाखवून देत होती. वर्दीवाला आधी दम देतो आणि मग हात पसरतो, हेही गावाला ठाऊक होतं. बहुरूप्याने ते दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर करून दाखवलं.

उपहास आणि टिंगल यांत मी फरक करते तो इथे. टिंगल समोरच्याचं नाक, चाल, बोलणं पकडते. उपहास समोरच्याचा शब्द पकडतो. तुम्ही म्हणता तुम्हाला भोपाळचं दुःख आहे? बरं, मग हे घ्या, तुमच्या वतीने ते मी करून दाखवतो. आता नाकारा. दांभिक माणसावर आरोप केला तर त्याच्याकडे उत्तर तयार असतं, पण त्याचंच वचन त्याच्या नावावर पुरं केलं तर उत्तर नसतं.

येस मेननी हेच पाच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये केलं. अमेरिकेची चेंबर ऑफ कॉमर्स ही तिथल्या सरकारदरबारी वजन वापरण्यावर वर्षानुवर्षं सर्वांत जास्त खर्च करणारी संस्था. हवामान बदलाच्या कायद्याला तिचा विरोध होता, इतका की ॲपलसारखी कंपनी त्या ऑक्टोबरात तिच्यातून बाहेर पडली. १९ ऑक्टोबर २००९ रोजी नॅशनल प्रेस क्लबमध्ये चेंबरच्या नावाने पत्रकार परिषद झाली आणि आमचा विरोध संपला असं जाहीर करण्यात आलं. वृत्तसंस्थेने बातमी दिली, वाहिन्यांनी वाचून दाखवली. परिषद चालू असतानाच चेंबरचे खरे अधिकारी दारातून आत आले आणि ही फसवणूक आहे म्हणून ओरडू लागले. व्यासपीठावरच्या खोट्या माणसाने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. चेंबरने खटला भरला आणि २०१३ मध्ये मागे घेतला.

मी या लोकांची भक्त नाही. भोपाळच्या बाबतीत त्यांच्यावर जो आक्षेप घेतला गेला तो मी झटकू शकत नाही. ज्या बाईने वीस वर्षं खोकत काढली, तिला एक तासभर वाटलं की आता सगळं होणार, आणि मग कळलं की ते नाटक होतं. बिचलबॉम यांनी याला उत्तर दिलं होतं, वीस वर्षांच्या हालांपुढे त्या तासाचं वजन किती, अशा अर्थाचं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. दुःख असं तराजूत घालता येत नाही, आणि घालायचंच तर ते ज्याचं आहे त्याने घालावं. मुलं मला दरवर्षी हा प्रश्न विचारतात आणि मी त्यांना विचारू देते. त्यांना मी एवढं मात्र सांगते की २००९ मध्ये लंडनला याच येस मेनबरोबर भोपाळचे कार्यकर्ते उभे राहिले. कारखान्याजवळच्या हातपंपाच्या पाण्याच्या सुबक लेबल लावलेल्या बाटल्या त्यांनी डाउच्या ब्रिटनमधल्या कचेरीसाठी नेल्या होत्या. दिसायला महागड्या मिनरल वॉटरच्या बाटल्या. पिणार का, एवढाच प्रश्न होता. म्हणजे त्या एका तासाचा हिशेब भोपाळने स्वतः केला होता, आणि हत्यार म्हणून उपहास उपयोगी आहे असं ठरवलं होतं.

भोपाळला हे हत्यार परदेशी मंडळींनी शिकवलं असं मात्र नाही. पॅरिसच्या मुलाखतीच्या दोन वर्षं आधीची मुंबईतली गोष्ट मला त्या मुलाखतीपेक्षा मोठी वाटते. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी वायुपीडित. सरकारने पुनर्वसन म्हणून सुरू केलेल्या स्टेशनरीच्या कारखान्यात कामाला लागल्या, तिथे बायकांची संघटना बांधली. एक मुसलमान, एक हिंदू, घरातली माणसं गमावलेल्या. त्यांनी २००२ मध्ये मोहीम काढली, 'झाडू मारो डाउ को'. त्या डिसेंबरात भोपाळच्या सुमारे दोनशे बायका मुंबईत डाउच्या कचेरीवर गेल्या. हातात झाडू. सोबत कारखान्याच्या आवारातली माती आणि वस्तीतलं पाणी. तुमची घाण आहे, तुम्ही झाडा.

झाडू बघा. घरात दाराआड, पाय लागला तरी नमस्कार करावा अशी वस्तू, आणि अंगावर उगारली तर त्याहून मोठा अपमान नाही. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजायची तीच. त्या बायकांनी ती कंपनीला भेट म्हणून नेली. त्यांना ना प्रवक्ता व्हावं लागलं, ना खोटं नाव घ्यावं लागलं. साफसफाई हा शब्द कंपनी, दोन्ही सरकारं आणि वकील फाइलींतून एकमेकांकडे टोलवत होते. त्याचा जो साधा अर्थ प्रत्येक घरातल्या बाईला कळतो, तो त्यांनी हातात धरून दाखवला.

कंपनीने काय केलं? त्या बायकांवर दावा लावला. दोनेक तासांच्या निदर्शनांनी काम बुडालं म्हणून सुमारे दहा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाचेक लाख रुपये भरपाई मागितली. १९८९ च्या तडजोडीतून बहुसंख्य जखमींच्या वाट्याला सुरुवातीला २५,००० रुपये आले होते, आयुष्यभराच्या फुप्फुसांसाठी. दोन तासांच्या कामासाठी पाच लाख. या दोन आकड्यांवर मी आणखी काही लिहू शकत नाही. २००४ मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्या पैशांतून त्यांनी वायुपीडितांच्या पोटी जन्मलेल्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला.

आता उपहासाचा हात जिथे पोचत नाही ती जागा. पत्रकार परिषद, स्मृतिदिन, जाहिरात हे सगळं दर्शनी भागात घडतं. तिथे बहुरूपी शिरू शकतो. खरं वजन वापरलं जातं ते मागच्या खोलीत, पत्रांतून. २००५ मध्ये केंद्राच्या रसायन मंत्रालयाने मध्य प्रदेश उच्च न्यायालयात अर्ज केला होता की जागा साफ करण्यासाठी डाउने १०० कोटी रुपये आगाऊ जमा करावेत. म्हणजे सरकारचा एक हात न्यायालयात कंपनीकडे पैसे मागत होता. २००६ मध्ये भारत-अमेरिका सीईओ फोरमच्या बैठकीनंतर डाउचे प्रमुख अँड्र्यू लिव्हेरिस यांनी भारताचे अमेरिकेतले राजदूत रोनेन सेन यांना पत्र लिहिलं. भोपाळसाठी डाउ जबाबदार नाही आणि सरकार तिच्या मागे लागणार नाही असं तुमच्या प्रतिनिधींनी बैठकीत सर्वांसमोर सांगितलं, त्याबद्दल आभार, आणि आता तो अर्ज मागे घेतला जावा, असा त्याचा आशय होता. रतन टाटा यांनीही त्याच सुमारास सरकारला लिहिलं होतं. साफसफाईसाठी भारतीय उद्योगांनी निधी उभारावा आणि त्यात आपण पुढाकार घेऊ, अशी त्यांची तयारी होती. हेतू चांगलाही असेल. पण त्याचा परिणाम असा, की घाण करणाऱ्याच्या वतीने दुसऱ्यानेच झाडू घ्यायचा.

ही पत्रं बाहेर आली ती माहितीच्या अधिकारातून. भोपाळचे लोक दिल्लीपर्यंत पायी गेले, धरणं धरली, आणि अर्ज करून कागद मिळवले. म्हणून मी वर्गात नुसती चित्रफीत दाखवून थांबत नाही. आधी मुलाखत, मग ही पत्रं. २००४ च्या खोट्या प्रवक्त्याने जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट २००६ मध्ये खऱ्या माणसांनी खऱ्या लेटरहेडवर लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवली की कुठलं नाटक होतं हे मुलांना मी सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं भोपाळ, दिल्ली आणि डाउचं मुख्यालय असलेलं मिशिगन एवढ्यापुरतं नाही. आमच्या पुण्याजवळ, चाकणच्या पलीकडे शिंदे-वासुली गावात डाउचं संशोधन केंद्र होणार होतं. एमआयडीसीची जमीन, राज्य सरकारचा आशीर्वाद. २००८ मध्ये गावकरी रस्त्यावर आले. बंडातात्या कराडकरांसारखी वारकरी मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली, कारण प्रश्न सुधा आणि इंद्रायणीच्या पाण्याचा होता. इथे कारखाना नाही, फक्त संशोधन होईल, असं कंपनी सांगत होती. माझ्या ओळखीचे काही सुशिक्षित लोक तेव्हा म्हणाले की गावकऱ्यांना विज्ञान कळत नाही. मला उलट वाटलं, आणि आजही वाटतं. डाउच्या मुंबईतल्या उपकंपनीने कीटकनाशकांच्या नोंदणीसारख्या कामांसाठी भारतीय अधिकाऱ्यांना सुमारे दोन लाख डॉलर चारले, या प्रकरणी अमेरिकेच्या रोखे नियामकाने डाउकडून ३,२५,००० डॉलरचा दंड घेतला होता, तो आदल्याच वर्षी, २००७ मध्ये. परवानगी कशी मिळते हे ज्या कंपनीच्या बाबतीत कागदावर आलं आहे, तिच्या परवानग्यांवर गावाने विश्वास का ठेवावा? २०१० मध्ये कंपनीने तिथून गाशा गुंडाळला.

मग आलं लंडन ऑलिंपिक. डाउ ऑलिंपिकची जागतिक प्रायोजक झाली. लंडनच्या ऑलिंपिक समितीला सल्ला देणाऱ्या आयोगाच्या एक सदस्य, मेरेडिथ अलेक्झांडर यांनी जानेवारी २०१२ मध्ये याच कारणासाठी राजीनामा दिला. भारत सरकारने निषेधाची पत्रं लिहिली. भोपाळने काय केलं? उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कारखान्याजवळच्या मैदानावर स्वतःचं ऑलिंपिक भरवलं. संचलन झालं, शर्यती झाल्या. धावणारी मुलं त्या वस्त्यांतली, ज्यांना जन्मापासून नीट चालता येत नाही, आणि एका शर्यतीचं नाव होतं खेकडा-चाल. ती छायाचित्रं मी पाहिली आहेत. मुलं हसत होती, खेळाची मजा त्यांना खरोखर येत होती. बघणाऱ्याने त्यांच्याकडे बघावं की मागच्या गंजलेल्या टाक्यांकडे, हे त्यानेच ठरवायचं होतं.

अशा गोष्टींचा कंपनीला काय त्रास होणार, असं कुणी म्हणालं तर त्याला स्ट्रॅटफॉर आठवून द्यावं. २०१२ मध्ये विकिलीक्सने या खासगी गुप्तवार्ता कंपनीचे ईमेल बाहेर काढले. भोपाळसाठी काम करणारे लोक काय करतात, कुठे बोलतात यावर लक्ष ठेवण्यासाठी डाउ तिला पैसे देत होती. त्या पाळतीत येस मेनही होते. ज्यांच्या हातात झाडू, बाटली आणि उसना कोट यापलीकडे काही नाही, त्यांच्यावर एवढी नजर ठेवावीशी वाटते, यातच त्या वस्तूंची ताकद कळते.

निकाल मात्र उपहासाने लागत नाही. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची क्युरेटिव्ह, म्हणजे शेवटच्या फेरविचाराची, याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. भोपाळच्या न्यायालयाने डाउला वर्षानुवर्षं समन्स धाडली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीचे वकील पहिल्यांदा तिथे उभे राहिले ते एवढंच सांगायला, की या न्यायालयाला आमच्यावर अधिकारक्षेत्र नाही. कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पोलिस बंदोबस्तात इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला आणि नंतर तिथे जाळला. त्याचा खर्च सरकारने केला, डाउने नाही. आणि आवारात गाडलेलं, मातीत नि भूजलात मुरलेलं त्याहून कितीतरी जास्त आहे.

यंदाच्या डिसेंबरात चित्रफीत आणि पत्रं यांच्या जोडीला 'या न्यायालयाला आमच्यावर अधिकारक्षेत्र नाही' हे डाउच्या वकिलांचं वाक्यही मी फळ्यावर लिहिणार आहे. मुलांनी आधी ते वाचावं, मग पॅरिसचा माणूस काय म्हणाला ते ऐकावं, आणि या दोघांपैकी भोपाळशी खोटं कोण बोललं यावर दोन पानं लिहून आणावीत. गुण मी देणार नाही. ज्यांना लिहायचं असेल त्यांची पानं वर्गात वाचू, आणि ज्यांना भोपाळला जाऊन त्या बायकांना भेटायचं असेल त्यांच्याबरोबर मी जाईन.